निवडणीच्या टेबलावरचा कायदा: कुपवाडच्या एका विजया कारखान्यातलं प्रशिक्षण

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत विजयेपासून, म्हणजे भांगेच्या पाल्यापासून, आयुर्वेदिक औषधं बनवणारा एक लहान कारखाना आहे. राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नेहमीच्या तपासणीनंतर त्याला एक नोटीस आली. तिच्यात चोरीचा किंवा विक्रीचा आरोप नव्हता, फक्त एका गोष्टीचा खुलासा मागितला होता: सलग काही महिने पाल्याच्या वजनात एक ग्रॅमचीही घट दिसत नाही, हे कसं?

त्यानंतर कामगारांचं प्रशिक्षण नव्याने बसवायचं काम माझ्याकडे आलं. मिरज-कुपवाड भागातल्या औषध कारखान्यांत मी हेच काम करते. मालकांच्या संमतीने हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कायदा नेमका कुठे बसतो

आधी कायद्याचं थोडक्यात, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, गांजाची व्याख्या झाडाच्या फुलोऱ्यावर बेतलेली आहे. फुलं किंवा फळं धरलेला शेंडा म्हणजे गांजा. पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत, पण सोबत शेंडा नसेल तरच. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही जवळपास हेच शब्द आहेत. म्हणून निव्वळ पाला एनडीपीएसच्या बाहेर राहतो आणि महाराष्ट्रात तो दारूबंदी अधिनियमाखाली, उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याने हाताळावा लागतो. औषध म्हणून तो अन्न व औषध प्रशासनाच्या अखत्यारीत येतो. औषध नियमांच्या ‘ई-१’ या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत भांग आहे (बिया सोडून), आणि त्यामुळे वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत छापावी लागते.

थोडक्यात, पोत्यात नुसता पाला आहे तोवर विषय परवान्याचा. त्यात शेंडा निघाला की विषय तुरुंगाचा. गांजाची अल्प मात्रा १ किलोपर्यंत धरली आहे, व्यापारी मात्रा २० किलोंच्या वर. अल्प मात्रेला १ वर्षापर्यंत, मधल्या मात्रेला १० वर्षांपर्यंत आणि व्यापारी मात्रेला १० ते २० वर्षं सक्तमजुरी. व्यापारी मात्रेत जामीनही अतिशय अवघड. शिवाय ताब्यात माल सापडला की ‘मला ठाऊक नव्हतं’ हे आरोपीनेच सिद्ध करायचं असतं.

कारखान्यात ही पाला आणि शेंडा यांच्यामधली रेघ ओढतं कोण? मालक नाही, केमिस्टही नाही. निवडणीच्या टेबलावर बसलेल्या बायका ओढतात.

टेबलावरच्या बायका

निवडणीला बहुतेक जणी बेदाण्याच्या कामातून आलेल्या. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या शेडमध्ये ज्यांनी हंगामामागून हंगाम बेदाणा निवडला, त्यांची बोटं डोळ्यांच्या पुढे चालतात. काडी, खडा, काळा मणी, बोट लागलं की बाजूला. मालकांनी त्यांना मुद्दाम घेतलं होतं आणि ती निवड अगदी योग्य होती. पण त्यांच्यासोबत बेदाण्याच्या कामाचे दोन रिवाजही आले. एक, निवडून काढलेली घाण कुणी मोजत नाही. दुसरा, मजुरी किलोवर.

कारखान्यात प्रशिक्षण झालंच नव्हतं असं नाही. फाईल जाडजूड होती. पुण्याहून एक सल्लागार येऊन पडद्यावर इंग्रजीतल्या स्लाइड दाखवून गेले होते. प्रत्येकीची सही होती, काहींचा अंगठा होता. शेवटी घेतलेल्या परीक्षेत सगळ्या पास, कारण उत्तरं सुपरवायझर मॅडमनी फळ्यावर लिहून दिली होती. तपासणीला आलेला माणूस फाईल बघून समाधानी झाला असता. या वेळी आलेल्या अधिकाऱ्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि काट्याजवळ उभ्या असलेल्या मुलीला सरळ विचारलं, “घट किती धरता?”

ती म्हणाली, “घट धरायची नाही असं सांगितलंय, साहेब.”

आकडे जुळवणारी वही

ही मुलगी बुधगावची, बारावी झालेली, अक्षर सुरेख. तिच्याकडे दोन वह्या होत्या. एक कच्ची, पेन्सिलीची, तिच्यात काट्यावर दिसलेलं खरं वजन. दुसरं पक्कं रजिस्टर, तिच्यात मॅडम सांगतील तो आकडा. आवक जितकी तितकीच चूर्ण विभागाला जावक. यात कुणाला माल पळवायचा नव्हता. मॅडमना भीती होती की तूट दिसली तर खातं विचारील, ‘उरलेला माल गेला कुठे?’ म्हणून त्यांनी तूटच दाखवायची नाही असं ठरवलं.

पण पाला वाळतो. सांगलीच्या मे महिन्यात तो पत्र्याच्या शेडमध्ये चुरचुरीत होतो, आणि जुलैत कृष्णाकाठची हवा लागली की तेच पोतं दमट होऊन वजनाला भरतं. काडी निघते, माती निघते, चाळताना आणि दळताना भुकटी उडते. असं असताना मे आणि जुलै या दोन्ही महिन्यांच्या रजिस्टरात आवक-जावक ग्रॅमपर्यंत सारखी. हे रजिस्टर वाचणाऱ्याला दोनच गोष्टी वाटू शकतात: काटा बिघडलाय किंवा लिहिणारा खोटं लिहितोय. तूट लपवायला गेलेल्या माणसांनी तिच्याहून मोठी शंका स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती.

आता एनडीपीएसचं कलम २६ बघा. परवानाधारकाने, किंवा त्याच्या नोकरीत राहून त्याच्या वतीने काम करणाऱ्याने, हिशेब ठेवला नाही, मागितल्यावर दाखवला नाही किंवा खोटा ठेवला तर ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हे कलम एनडीपीएसखालच्या परवान्यांना लागतं. निव्वळ पाल्याच्या रजिस्टरला ते लागू होतं की नाही यावर वकील वाद घालू शकतील, पण पोत्यात शेंडा निघाला की तो वाद कुणाच्या बाजूने जाईल याची खात्री कोण देणार? त्या मुलीच्या सुरेख अक्षराखाली तिचीच सही होती. मी तिला हे कलम मराठीत वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “मी खोटं नाही लिहिलं मॅडम, मला सांगितलं ते लिहिलं.” जुन्या प्रशिक्षणात या दोन गोष्टींतला फरक तिला कुणीही सांगितला नव्हता, आणि माझ्या मते प्रशिक्षणाची पहिली जबाबदारी तीच होती.

शेंडे कुठे जात होते

घटीचा हिशेब लावायचा म्हणून मी निवडणीच्या टेबलावर जाऊन बसले. हातात पाला घेतल्याशिवाय या बायका मोकळ्या बोलत नाहीत.

“मावशी, यात पानाशिवाय काय काय निघतं?”

“काडी निघतीय, बी निघतंय, माती. आणि हे असलं शेंडं निघत्यात मधनंच.”

तिने पुढ्यातल्या ढिगातून एक उचलून दाखवला. बोटाच्या पेराएवढा, बारीक पानांनी गच्च वेढलेला, वर तपकिरी केसांसारखे तंतू. सुकलेला असूनही बोटाला चिकटत होता आणि त्याचा उग्र वास पाल्याहून वेगळा कळत होता.

“याचं काय करता?”

“काडीकचऱ्यासंगट बॉयलरला जातंय. पानात ऱ्हायलं तर मॅडम वरडत्यात.”

टेबलाभोवती सगळ्या जणी अगदी सहज मान डोलावत होत्या. त्यांनी माल शुद्ध केला होता आणि तो उत्तम केला होता. कायद्याच्या नजरेतून मात्र त्या गांजा वेगळा काढत होत्या, मोजत नव्हत्या आणि नष्ट करत होत्या, आणि यातलं काहीच कागदावर नव्हतं. कुणी एकीने त्यातला शेंडा डब्यात टाकून घरी नेला असता तरी कारखान्याला पत्ता लागला नसता. कुणी नेल्याचं आढळलं नाही. पण नेला नाही हे दाखवायलाही कारखान्याकडे काही नव्हतं.

त्याच दिवशी टेबल थांबवलं. हातातलं पोतं आणि त्यातून निघालेले शेंडे दोन साक्षीदारांसमोर वजन करून सील केले, कुलपात ठेवले. मग मालकांच्या केबिनमध्ये पुढचं ठरवताना मतभेद झाले. वकिलांचं म्हणणं होतं की नोटिशीला घटीपुरतं उत्तर द्यावं, शेंड्यांचा विषय आपण होऊन काढू नये. त्यांचा सल्ला अशिलाच्या भल्यासाठीच होता. पण निवडणीच्या टेबलावर इतक्या जणींना ठाऊक असलेली गोष्ट गुपित राहत नाही, आणि उद्या ती बाहेरून कळली तर त्या बायका आरोपी होतील, हे माझं म्हणणं. मालकांनी एक रात्र विचार करायला घेतली आणि सकाळी खात्याला पत्र पाठवलं: परवानाधारक पुरवठादाराकडून आलेल्या मालात शेंडे सापडले आहेत, माल सीलबंद आहे, पुढील आदेश द्यावेत. अधिकारी आले, पंचनामा झाला, माल त्यांनी ताब्यात घेतला. घटीबद्दलचा खुलासा दोन्ही वह्यांसकट सादर झाला. परवाना टिकला, लेखी ताकीद मिळाली.

जिल्ह्यातली हवा लक्षात घेतली तर हे पत्र लिहिणं सोपं नव्हतं. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी याच कुपवाडमधून मेफेड्रोन या अमली पदार्थाचा मोठा साठा पकडला. २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ कार्वे औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोनचा कारखानाच सापडला. त्यानंतर इथल्या प्रत्येक शेडकडे संशयाने बघितलं जातं, आणि परवाना घेऊन काम करणाऱ्यालाही पोलिसांची गाडी दिसली की धडकी भरते.

नवं प्रशिक्षण

वर्गातल्या खुर्च्या काढून टाकल्या. प्रशिक्षण जिथे काम तिथेच घ्यायचं, मराठीत, आणि एका वेळी एकाच टेबलाचं.

शेंडा ओळखायला शिकवताना एक अडचण आली. नमुना म्हणून शेंडा कारखान्यात ठेवणं हाच गुन्हा ठरू शकतो. म्हणून मोठे रंगीत फोटो छापून टेबलावर काचेखाली लावले. कळीतला, पूर्ण फुललेला, बी धरलेला, चुरगळलेला. चुरगळलेला ओळखणं सर्वांत अवघड, आणि तिथे मी शिकवण्याऐवजी मावशींनीच मला शिकवलं: हाताला चिकट लागलं की थांबायचं, डोळ्यांची वाट बघायची नाही. ही ओळ आता कारखान्याच्या लेखी कार्यपद्धतीत त्यांच्याच शब्दांत आहे. शेंडा दिसला की हात वर, टेबल बंद, प्रभारीला हाक, दोघांसमोर वजन, पाकीट सील, नोंद, कुलूप, आणि ते पूर्ण पोतं बाजूला. खात्याला त्याच दिवशी कळवायचं.

पण एवढ्याने भागलं नसतं. मजुरी किलोवर असताना टेबल थांबवणं म्हणजे आठ-दहा जणींचा रोज बुडवणं. कुठली बाई हात वर करील? शेजारणींच्या शिव्या खाण्यापेक्षा शेंडा गुपचूप कचऱ्यात टाकणं तिला परवडणार. या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. बायकांना नियम ठाऊक नव्हता हे खरं, पण ठाऊक असता तरी त्यांनी तो पाळला नसता, कारण पाळण्याची किंमत त्यांच्या पदरातून जात होती. मालकांशी यावर बराच वाद झाला. दिवसाची निवड घटेल ही त्यांची चिंता रास्त होती आणि ती थोडी घटलीच. शेवटी निवडणीची मजुरी किलोवरून रोजावर आली. त्यानंतरच फोटोंना अर्थ आला.

काट्याजवळची कच्ची वही बंद झाली. काट्यावर दिसेल तो आकडा थेट रजिस्टरात, शाईने. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही आणि तारीख, व्हाइटनर नाही. आवक, निवडणीनंतर, चाळल्यानंतर, दळल्यानंतर अशी चार वजनं; काडी, माती आणि फिल्टरमधली भुकटी यांचंही वजन. अपेक्षित घट किती हे पुस्तकातून न घेता कारखान्याच्या स्वतःच्या मालावरून महिन्यागणिक ठरवायचं. काट्याच्या वर मालकांच्या सहीचा एक मराठी आदेश लावला आहे: काट्यावरचा आकडा बदलून लिहायला कुणीही सांगितलं, मी स्वतः सांगितलं तरी, लिहू नये. बुधगावची मुलगी अजून तिथेच आहे. तो आदेश तिने लॅमिनेट करून आणला.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोसारख्या राज्यांत वैद्यकीय गांजाच्या प्रत्येक झाडाला टॅग असतो आणि बियाण्यापासून विक्रीपर्यंतची हालचाल संगणकावर चढते. आपल्याकडे अशा कारखान्यात सगळा भार त्या एका रजिस्टरावर आणि ते लिहिणाऱ्या हातावर आहे. म्हणून त्या हाताचं शिक्षण जास्त काळजीने व्हायला हवं.

ज्याबद्दल कुणी विचारत नाही

जुन्या फाईलमध्ये कायद्याची पानं होती, पण धुळीचं एकही नव्हतं. पल्व्हरायझरच्या, म्हणजे पाला दळायच्या यंत्राच्या, खोलीत काम करणारी एक ताई सतत शिंकायची, संध्याकाळी तिला खोकल्याची उबळ यायची. ती आधी हळदीच्या गिरणीत होती, ठसक्याची सवय होती, म्हणून तिने कधी सांगितलं नाही. तोंडाला ओढणी बांधायची आणि काम उरकायचं.

मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी २०२२ च्या जानेवारीत गांजा दळण्याच्या विभागातली एक तरुण कामगार दम्याच्या झटक्याने गेली. कामाला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. अमेरिकेतल्या गांजा उद्योगात कामामुळे जडलेल्या दम्याने झालेला हा नोंदलेला पहिला मृत्यू. तिथे परवाना, टॅग, संगणक सगळं होतं. मी ही घटना दळण विभागात सांगितली आणि त्या ताईकडे बघून सांगितली. तिला मिरजेत छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं, नंतर पॅकिंगमध्ये हलवलं. खोलीत धूळ ओढणारी यंत्रणा बसली, एन-९५ मास्क आले, झाडूऐवजी व्हॅक्यूम आला. औषध नियमांच्या, आयुर्वेदिक कारखान्यांसाठी असलेल्या ‘टी’ अनुसूचीत नोकरीवर घेताना आणि नंतर वर्षातून एकदा तरी वैद्यकीय तपासणी सांगितलेली आहे. ती होत होती, पण संसर्गजन्य रोगांपुरती. आता श्वासाची तपासणीही होते.

बायकांनी विचारलेला पहिला प्रश्न मात्र वेगळाच होता: हाताला लागून नशा चढते का? कच्च्या पाल्यात नशा आणणारं द्रव्य बहुतांशी आम्लाच्या रूपात असतं आणि उष्णता लागली की ते बदलतं, म्हणून खरी काळजी पाला तुपात भाजून त्याचं शोधन, म्हणजे औषधासाठी शुद्धी, करणाऱ्या खोलीतल्या धुराची घ्यायची, हे त्यांना समजावलं. तिथे पंखा उलटा, बाहेर हवा फेकणारा लावला.

फाटकावरची झडतीही बदलली. वॉचमन काका बायकांच्या पिशव्या आणि डबे उपसायचे, कधी पदराकडेही बोट दाखवायचे. एनडीपीएसचं कलम ५० स्पष्ट सांगतं की स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. ते तपास यंत्रणेसाठी आहे, पण पोलिसांना जे करता येत नाही ते वॉचमनने का करावं? आता संध्याकाळच्या शिफ्टला महिला सुरक्षारक्षक असते. आणि उद्या खरंच कुणी तपासाला आलं तर काय मागायचा आपला हक्क आहे, हे प्रत्येकीला पाठ आहे.

पॅकिंगमधल्या एका पोराने बाटलीसोबत फोटो काढून व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवला होता, ‘आमची गांजा फॅक्टरी’. त्याला वाटलं गंमत. गावात त्याच्या आईला लोक विचारू लागले. मोबाईल आता लॉकरमध्ये राहतो. पण बंदी घालून अर्धंच काम होतं. या कामगारांना घरी, वस्तीत, सोयरिकीच्या बैठकीत ‘तू गांजाच्या कंपनीत जातीस म्हणं’ हा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. आम्ही मिळून उत्तर तयार केलं: सरकारी परवान्याचं आयुर्वेदिक औषध आहे, वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचं, आम्ही पाला निवडतो. एका मावशीने ते नवऱ्याला म्हणून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी परवान्याची झेरॉक्स मागितली, घरात दाखवायला. मालकांनी दिली.

आजची स्थिती

नव्या पुरवठादाराच्या मालातही एकदा शेंडे निघाले. त्या दिवशी टेबल अर्धा तास बंद राहिलं, पाकीट सील झालं, पत्र गेलं, मजुरी कापली गेली नाही. खात्याच्या पुढच्या तपासणीत रजिस्टरात घट दिसली, पावसाळ्यात ती कमी दिसली, आणि त्यावर शेरा आला नाही.

उतरवणीचे हमाल मात्र अजून ठेकेदाराचे आहेत आणि नगावर काम करतात. फाटलेल्या पोत्यातून सांडलेला पाला ते झाडून गटाराकडे लोटतात, कारण थांबून मोजायला त्यांना कुणी पैसे देत नाही. त्यांचा करार मार्चअखेर संपतो. नव्या करारात सांडलेल्या मालाचं वजन आणि त्या वेळेची मजुरी घालावी असं मी लिहून दिलं आहे; ठेकेदाराने अजून होकार दिलेला नाही.